बारीक उजेडाची बॅटरी

समुद्रात गेलेल्या होड्या मी एकदा एका बोटाने परत बोलावल्या आहेत. जाळी टाकून बसलेल्या, टाकायच्या बेतात असलेल्या, आणि एक जी तिथे नुसतीच गप्पा मारत थांबली होती, तीसुद्धा. त्यामागे माझा काही मोठा हेतू नव्हता. हातातली नवी कोरी बॅटरी बंद व्हावी, एवढीच माझी इच्छा होती.

तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची कोवळी पोर होते. नुकती निवृत्त झालेली. कुडाळच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवल्यामुळे जगातलं सगळं आपल्याला कळतं, आणि जे कळत नाही ते अभ्यासक्रमातच नाही, अशी माझी पक्की समजूत होती. समुद्राशी माझी ओळख म्हणाल तर एस.टी.च्या खिडकीतून दिसतो तेवढीच. बॅटरीला मी 'विजेरी' म्हणायची. आमच्या घरमालकांनी तो शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "असात. पण उजेड पडता मां तिचो?"

त्या घरमालकांबद्दलच लिहायचं आहे.

आमच्या ह्यांचं गाव आचऱ्याजवळ, समुद्राला लागून. तिथे घर बांधायला काढलं आणि ते होईपर्यंत त्याच गावात भाड्याने राहायचं ठरलं. जागा बघायला पोचेपर्यंत दिवस मावळला होता. चिऱ्यांच्या पायऱ्यांची घाटी चढून अंगणात पाय ठेवते, तो समोर हवेत नुसता एक चेहरा. मेंदीने लाल केलेली दाढी, वर दोन डोळे, आणि खाली काहीच नाही. मी अशी किंचाळले की मागे हे दोन पायऱ्या उतरले.

"घाबरा नको," चेहरा म्हणाला. "मी माझ्याच तोंडार उजेड मारलंय. कोण आसा ता समोरच्याक कळाक व्हया. दुसऱ्याच्या तोंडार मारूचो नसता." मग तोच उजेड खाली माझ्या पायांवर आला, चपलांवर थांबला, आणि प्रश्न आला, "तुमची बॅटरी खंय आसा?"

दुसरे घरमालक माणसं किती विचारतात, पाणी किती लागेल विचारतात. या घरमालकांनी विचारलं ते एवढंच. आमच्या ह्यांनी ऐटीत खिशातून मोबाईल काढून त्याचा उजेड पाडून दाखवला. चाचा, म्हणजे आमचे घरमालक, अख्खा गाव त्यांना चाचाच म्हणायचा, त्या मोबाईलकडे एखाद्या आजारी वासराकडे बघावं तसे बघत राहिले.

"हो मोबाईल दाताखाली धरून दाखवा," ते म्हणाले.

ह्यांनी काही धरून दाखवला नाही. जागा मात्र मिळाली.

चाचांची हयात मालवाहू बोटींच्या इंजिनखोलीत गेली होती. तिथे वीज गेली की भर दुपारी मध्यरात्र होते, असं ते सांगायचे. त्यामुळे असेल, किंवा मुळातलाच स्वभाव असेल, पण बॅटरी आणि ते वेगळे कधी दिसायचे नाहीत. ती होती अंगठ्याएवढी. एका सेलची, काळी, कडांचा रंग घासून गेलेली, आणि तिला बटण एकच. राहायची लुंगीच्या कनवटीत. शुक्रवारी आंघोळीला जाताना ती कनवटीतून निघायची आणि चार्जिंगला लागायची. चाचा मशिदीतून परत आले की पहिला हात तिच्याकडे.

दिवसा तिला सुट्टी असेल असं तुम्हाला वाटेल. छे! चाचा भर उन्हात मासळीबाजारात बसकण मारायचे आणि बांगड्याचे कल्ले उघडून आत उजेड पाडायचे. मासेवाली ओरडायची, "ओ चाचा, माझ्या बांगड्याक डाक्तर नको, गिऱ्हाईक होया!" चाचा शांतपणे पुढचा बांगडा उचलायचे. चपला घालायच्या आधी चपलांत उजेड, तांदूळ काढायच्या आधी डब्यात उजेड. एस.टी.तून उतरताना बाकाखाली उजेड. आपलं काही राहिलं नाही ना बघायला, आणि दुसऱ्याचं काही राहिलं असेल तर ओरडून सांगायला. मला एकदा खोकला झाला, तर अंगणातच म्हणाले, "आ करा." मी केला. सवय, दुसरं काय. जन्मभर दुसऱ्यांना करायला लावलेला. आत उजेड पाडून त्यांनी निदान केलं, "घसो लाल आसा. गप रवा." आमच्या ह्यांनी त्यांचे त्या दिवशी तीनदा आभार मानले.

आणि एवढं असून त्यांच्या पडवीतला बल्ब गेलेला तो गेलेलाच. चाची रोज सांजवेळी आठवण द्यायची, "ह्यांच्या कनवटीत सूर्य आसा, नि माझ्या पडवीत काळोख!"

"भिंतीवरचो उजेड सरकारचो," चाचा म्हणायचे. "तो जाताना सांगान जायत नाय. कनवटीतलो आपलो."

"मगे कनवटीच्या उजेडात तांदूळ निवडा तुमीच," चाची म्हणायची. आणि एकदा त्यांनी खरंच निवडले. बॅटरी दातांत धरून, दोन्ही हातांनी.

हे दातांत धरण्याचं प्रकरण त्यांच्या दृष्टीने फार महत्त्वाचं होतं. बॅटरी लागते तेव्हा माणसाचे दोन्ही हात नेमके कामात असतात, हा त्यांचा सिद्धांत. दोरी बांधायची असते, नळ आवळायचा असतो, कुलूप उघडायचं असतं. तेव्हा बॅटरी जाणार कुठे? दातांत. आता चाचांचे दात म्हणजे कवळी. मुंब्र्याच्या मुलाने एकदा त्यांना हातभर लांबीची झकास बॅटरी आणून दिली. चाचा ती दातांत धरून पंप उघडायला वाकले, आणि बॅटरी कवळीला घेऊनच बादलीत गेली. तेव्हापासून वजनाचा नियम ठरला: कवळीला पेलेल तीच बॅटरी. ती हातभर लांबीची चाचीने दाराला अडसर म्हणून लावली. वाऱ्याने दार आपटायचं बंद झालं, हे मान्य करायला हवं.

पुढे आमच्या ह्यांना उपरती झाली आणि बॅटरी घ्यायला ते चाचांना घेऊन मालवणच्या बाजारात गेले. गंमत बघायला मीही गेले. दुकानदार चाचांना ओळखून असावा, कारण त्यांना बघताच त्याने गल्ल्यावर मुलाला बसवलं आणि स्वतः आत चहा प्यायला गेला. चाचांनी खिशातून खोबरेल तेलाची लहान बाटली काढली. हातांना तेल चोळलं आणि एकेक बॅटरी पेटवून बघितली. "हात काय नेमी सुके आसतत? मासो कापलेलो आसता, पाऊस आसता." तेलकट हाताने जिचं बटण सरकलं नाही तीच पुढे गेली. मग उतरत्या फळीवर ठेवून बघितली. गडगडली ती नापास, कारण अशी बॅटरी बावीच्या, म्हणजे विहिरीच्या, काठावर ठेवली की बावीत जाते. मग कनवटीत खोचून दुकानाच्या पायऱ्या चढून-उतरून बघितली. लुंगी जागेवर राहिली. मी देवाचे आभार मानले.

शेवटी दोन उरल्या. एक बटण दाबताच भसकन पेटायची. दुसरी आधी मिणमिण लागायची, मग पुन्हा दाबलं की मोठी व्हायची. ह्यांना अर्थातच भसकन पेटणारी आवडली.

"नको," चाचा म्हणाले. "पयलो उजेड बारीक होयो. घरात कोण निजलेला आसता. नि आपले डोळे तरी खंय जागे आसतत? पयलो बारीक, मगे लागलो तर मोठो."

आणि पैसे द्यायच्या आधी त्यांनी ह्यांच्याकडून ती चार वेळा बंद करून घेतली. "सगळे बघतत पेटता कशी. तुमी बघा बंद कशी होता."

मी बाजूला उभी राहून पदराआड हसत होते. शहाणी माणसं हसतातच.

आता त्या घरात एक टांगती तलवार होती, तीही सांगायला हवी. आम्ही राहायला आलो त्याच पावसाळ्यात चाचा संध्याकाळची, मगरिबची नमाज पढून परत येताना घाटीवर घसरले. पायरीला शेवाळ होतं, आणि त्या शुक्रवारी दुपारभर वीज नसल्यामुळे बॅटरी अजून घरी, चार्जिंगला. मनगट मोडलं. मुलगा मुंब्र्याहून धावत आला आणि लिफ्ट असलेल्या फ्लॅटबद्दल बोलू लागला. चाचांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण प्लास्टर सुटलं त्या दिवशी चाचीने आम्हाला दोघांना पडवीत बोलावून घेतलं आणि आमच्यासमोर हुकूम सोडला, "परत एकदा पडलात, की बिछानो गुंडाळून सरळ मुंब्र्याक. माझ्यान आता तुमका उचलवचा नाय. बाई, तुमी साक्षीक आसात."

दोन दिवसांनी चाचा बावीवर मला म्हणाले, "थंय मुंब्र्याक मी रवान इलंय, बाई. थंय रात्रच होयत नाय. केव्हाय बघा, रस्तो पिवळो. पोरां खेळतत, गाडये फिरतत. सगळी बरी आसत, सून तर लेकीसारखी. पण बॅटरी एकदाय काढूची पाळी येवक नाय. सांजच्याक खिडकीत बसान मी नि ती, दोघांकय काम नाय." ते हसत होते, पण हात कनवटीवर गेला होता.

एवढं ऐकूनही मला मात्र तो म्हातारचळच वाटायचा. आणि एक दिवस मोबाईलवर जाहिरात आली. काय ती बॅटरी! डोंगरापलीकडे उजेड जातो म्हणे. पुढे ओढली की झोत, मागे ढकलली की पसारा. लाल दिवा, निळा दिवा, काच फोडायला टोक, आणि वर मोबाईलही चार्ज होतो. मी लगेच मागवली. घाटीवरून बावीपर्यंत जाऊन येणाऱ्या बाईला डोंगरापलीकडे काय बघायचं होतं, हे कृपा करून विचारू नका.

चाचांनी ती उलटसुलट करून बघितली. कनवटीशी धरून बघितली आणि लगेच काढली.

"ही बंद कशी होता?"

"बटण दाबलं की होते."

"कितीदा?"

"चाचा, तुम्हाला हेवा वाटतोय," मी म्हटलं.

"वाटता तर," ते म्हणाले. "धीर बघून वाटता तुमचो."

त्यांना दाखवायचंच म्हणून मी दुसऱ्या दिवशी सूर्य बुडाल्यावर खडपावर, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांवर, गेले. थंडीचे दिवस, समुद्र शांत, होड्या किनाऱ्यापासून फार लांब नव्हत्या. मशिदीच्या पायऱ्यांवरून खडप स्वच्छ दिसतं आणि नमाज संपायची वेळ झाली होती. तो हिशेब मी करूनच गेले होते. मी बटण दाबलं. झोत पाण्यावरून सरळ लांब गेला. काय आनंद झाला! मग वाटलं आणखी मोठा होतो का बघू, म्हणून बटण दाबून धरलं.

बॅटरी लुकलुकायला लागली. तीन वेळा चटचट, तीन वेळा सावकाश, परत तीन वेळा चटचट.

मी बटण दाबलं. ती लाल लुकलुकायला लागली. परत दाबलं, परत पांढरी. दाबून धरलं, तर आणखी जोरात. पदरात गुंडाळली, तर माझा पदर लुकलुकायला लागला. आणि तेव्हा मला आठवलं की किनाऱ्याच्या सुरक्षेचं शिकवायला गावात माणसं आली होती, त्यांनी शाळेच्या पटांगणात सगळ्या होडीवाल्यांना नेमकी हीच खूण दाखवली होती: तीन बारीक, तीन लांब, तीन बारीक, म्हणजे कोणीतरी बुडतंय, हातातलं टाका आणि धावा. मला ते इतकं चांगलं आठवायचं कारण, त्या कार्यक्रमाचं आभारप्रदर्शन मीच केलं होतं.

समुद्रावर आरडाओरड ऐकू आली. होड्यांची तोंडं किनाऱ्याकडे वळली.

मागून हाक आली, "बाईऽऽ! खंय आसात?" चाचा घाटी उतरून खडपावरून येत होते. त्या वयात, त्या खडकांवरून, अंगठ्याएवढा उजेड पायापुढे धरून एकेक दगड बघत, पण झपाझप. मी आनंदाने वळले. हातातल्या बॅटरीसकट वळले. डोंगरापलीकडे जाणारा तो झोत लुकलुकत सरळ त्यांच्या डोळ्यांत गेला, आणि माझ्यादेखत ते कोसळले.

मी पोचेपर्यंत ते उठून बसले होते. त्यांनी माझ्या हातातली बॅटरी घेतली, मागचं झाकण अर्धा फेरा सैल केलं. काळोख झाला. इतका सुंदर काळोख मी आयुष्यात बघितला नाही.

तोवर पहिली होडी टेकली. एक दांडगा माणूस पाण्यातून धावत आला. "कोण बुडला? कोण बुडला?"

"कोणी नाही हो," मी म्हटलं. "माझी अब्रू."

काय झालं ते सांगितलं. आधी कोणी हसेना. काहींनी जाळी तशीच पाण्यात सोडून दिली होती. मग मागून कोणीतरी म्हणालं, "आभारप्रदर्शन ह्याच बाईंनी केल्यानी मां रे?" आणि खडपावर असा हशा उठला की मला पाण्यात उडी मारावीशी वाटली, पण मग परत सगळ्यांना माझ्यामागे यावं लागलं असतं. त्यानंतर वर्षभर मी किनाऱ्यावर दिसले की होडीतून हाक यायची, "बाई, आज बुडतास की उद्या?"

चाचा मात्र दगडावर बसूनच होते. "चाचा, बरे आसास मां?" कोणी विचारलं.

"माका काय झाला? वारो खातंय," चाचा म्हणाले.

होड्या परत गेल्यावर ते म्हणाले, "बाई, पाय मुरगळलो. उठाक जमना नाय."

मला एकदम चाचीचा हुकूम आठवला, बिछाना आठवला, मुंब्र्याची ती पिवळी रात्र आठवली. आणि हे सगळं माझ्या एका बोटाने.

"आता काय करायचं?"

"पडलो कोण?" चाचांनी विचारलं.

"तुम्ही."

"नाय. तुमी."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते. वाद घालायची माझी पत उरली नव्हती. "बरं, मी पडले," मी म्हटलं.

मग आम्ही घाटी चढलो. माझा हात त्यांच्या खांद्यावर, म्हणजे लांबून बघणाऱ्याला वाटावं चाचा बाईंना सावरून आणतायत. भार मात्र सगळा माझ्यावर. दोघंही लंगडत होतो. एक खरं, एक खोटं. मध्येच ते कुजबुजले, "जरा कण्हा." मी कण्हले. "इतक्या नको," ते म्हणाले, "बाळंत होतास काय?"

पडवीच्या काळोखात चाची उभीच होती. "या अल्ला, काय झाला?"

"बाई पडले," चाचा म्हणाले, आणि जाऊन आरामखुर्चीत बसले. पाय पोटाशी घेऊन लुंगीखाली घातला.

चाचीने मला बसवलं, आतून कंदील आणला, आंबेहळद उगाळून गरम केली. "बघू, खंयचो पाय?" मी उजवा पुढे केला. चाचीचा हात क्षणभर थांबला. माझ्या लक्षात आलं, घाटीभर मी लंगडले होते ते डाव्या पायाने. माझ्या ठणठणीत पायाला तिने असा कढत लेप लावला की कण्हायला मला कोणी सांगावं लागलं नाही. वर पट्टी बांधली. पलीकडे चाचा त्या लेपाकडे, उपाशी माणसाने दुसऱ्याच्या पानाकडे बघावं तसे बघत होते. मी बघतेय म्हटल्यावर त्यांनी घाईने वर्तमानपत्र उघडलं आणि काळोखात वाचायला लागले.

"नवल आसा," चाची पट्टीची गाठ मारत म्हणाली. "तुमका एवढी सावरून वर आणली, पण ह्यांका धापय लागूक नाय."

"सवय आसा," वर्तमानपत्रामागून आवाज आला.

रात्रभर मला झोप आली नाही. सकाळी उठले ती ठरवूनच, की चाचीला खरं सांगायचं, पाय धरायचे, आणि माझ्या चुकीची शिक्षा चाचांना देऊ नका म्हणायचं. लंगडायचं विसरून मी तडक त्यांच्या मागच्या दारी गेले. चाची एकटीच होती, चुलीपुढे. आत चाचा घोरत होते. मी तोंड उघडणार, एवढ्यात तिने मला हाताला धरून पाटावर बसवलं, माझा पाय मांडीवर घेतला आणि पट्टी सोडायला लागली. पट्टी सोडता सोडता आतल्या दाराकडे एकदा बघितलं आणि हलक्या आवाजात म्हणाली,

"बाई, आता लंगडा नको. रातीक ते निजल्यार मी तेंच्या पायाक लेप लायलंय, नि उठूच्या आदी पुसानय काडलंय. तेंच्याच कनवटीतली बॅटरी घेतलंय. उजेड बारीक, म्हणान तेंका जाग येवक नाय. तुमी कायएक सांगा नको. माका कळला ह्या तेंका कळला, तर बोलल्यापरमाणे बिछानो गुंडाळूचो लागतलो, आणि माका तरी खंय जावचा आसा मुंब्र्याक?"